डावं-उजवं

माल्टे ओट्यावर पाच कागदी पेले मांडतो,
बुडाला पेन्सिलीने आकडे,
आणि स्वतःचा फुटबॉलचा मफलर
माझ्या डोळ्यांवर करकचून बांधतो.
“लबाडी नाही करायची, ओमा.”
लबाडी कशी करू, पोरा,
एकोणीस वर्षं मी या जिभेचाच पगार खाल्ला.

पहिला मिट्ट गोड, ओठाला ओठ चिकटवणारा.
अमेरिकन, आणि डब्यातला; पत्र्याची कड लागते.
दुसरा त्याचा भाऊबंद. आधी लिंबू मिरवतो,
मग घोट संपायच्या आत त्याचं बोलणं संपतं.
तिसरा बिनसाखरेचा. गिळून झाल्यावरही
कुणी दार उघडं टाकून गेल्यासारखा
घशात गार वारा येत राहतो.
माल्टे खुणा करतो. पेन्सिल ऐकू येते मला,
बरोबरला एक फटकारा, चुकीला दोन.
आत्तापर्यंत तीनच.

चौथा.

“हा तर तुमचाच ना?” तो न राहवून कुजबुजतो.
बाटलीवर म्हणे लिहिलंय, मूळ कृतीप्रमाणे.
आखूड पायांचा तो लांब कुत्राही
तोच आहे म्हणे, तेच कान.

नाही रे. हा व्हाल्डी नाही.
व्हाल्डीला विहिरीच्या लोखंडाचा वास होता
आणि दर सोमवारी करपलेल्या साखरेचा,
कारण गेर्लिंडेची रविवारची उतरलेली नसायची
आणि कढई तिच्याकडे.
संत्र्याच्या सालीचं तेल, क्युबाहून बोट आली तर.
नाही आली तर जे हाताला लागेल ते.
झाकणाखालच्या बुचाचा तुरटपणा, शेवटच्या घोटात.
याला कृती म्हणत नाहीत,
निभावून नेणं म्हणतात.

एक गोष्ट मी माल्टेला सांगितलेली नाही.
नव्वदचा ऑक्टोबर. हानोफरहून आलेला गृहस्थ,
पांढरे कफ, दोन पेले. एक डावा, एक उजवा.
कारखान्यातून चौघांना वर बोलावलं,
त्यात जिभेची म्हणून मी एकटी.
खाली पट्टा चालू होता,
बाटल्या एकमेकींना घासत पुढे जात होत्या,
तो आवाज बंद खिडकीतून येत होता.
डावा मी वासावरूनच ओळखला,
घरचं माणूस जिन्यावरच्या पावलांवरून कळावं तसा.
आणि कागदावर खूण केली उजव्याला.
कारण तो उजवा होता.
स्वच्छ, गोल, कुठेच न अडखळणारा.
जिभेला हाड नसतं म्हणतात;
माझ्या जिभेला त्या दिवशी पाठीचा कणा होता.
तेवढा एक दिवस नसता तर चाललं असतं.

नाताळाआधी पट्टा थांबला.
माझा एकहार्ट उरलेली कुत्र्याची लेबलं घरी घेऊन आला
आणि दोन हिवाळे मधमाश्यांच्या पेट्यांच्या फटी
त्यांनी बुजवत राहिला.
मी काय लिहिलं, त्याने कधी विचारलं नाही.
एका खुणेने कारखाने बंद पडत नाहीत,
एवढं मलाही कळतं. हे मी फार वेळा स्वतःला सांगते.

“ओमा? चौथा?”
आमचा नाही, मी म्हणते.
“पण चांगला आहे की नाही?”
चांगला आहे.
आमच्यापेक्षा पुष्कळच चांगला.

पेन्सिल हवेत थांबते.
एक फटकारा की दोन, त्याला ठरवता येत नाही.
मी मफलर न सोडता
पाचव्यासाठी हात पुढे करते.