मिठीएवढी जागा

आमच्या गावात माणसं दोन प्रकारची :
खाणीत उतरणारी, आणि खाणीतून वर आणलेली.
दुसऱ्या प्रकारची माझ्या आईकडे येत.

यांगच्युआनचा हिवाळा. बाहेर अजून काळोख,
आणि आई अंगणात उभी,
गुडघे किंचित सैल, हात छातीसमोर गोल,
जणू कुणाला तरी उचलून घेतलंय.
मी पाच वर्षांचा. पांघरुणाच्या फटीतून बघायचो.
त्या न दिसणाऱ्या पोराचा मला राग यायचा.
मला तिनं इतका वेळ कधी धरलं नव्हतं.

तिला हे शिकवलं म्हाताऱ्या पेईनं, हाडवैद्यानं,
ज्याची पाटी एका वर्षी शाळेच्या पोरांनी काढून जाळली
आणि ज्याला मग गावच्या न्हाणीघराच्या बॉयलरवर लावलं.
आई तिथं टॉवेल धुवायला, एकोणीस वर्षांची.
रात्री भट्टी निवत आली की तो म्हणायचा, उभी राहा.
ती राहायची.
पहिलं वर्षभर फक्त तेवढंच.
"मी शिकले काय?" तिनं विचारलं.
"टाचा कुठं आहेत ते," तो म्हणाला.
"बहुतेकांना मरेपर्यंत सापडत नाहीत."

मग केस.
जुन्या हिशेबवहीच्या एका पानाखाली एक केस,
मग चार पानांखाली, मग अकरा,
बोटानं शोधायचा, डोळे मिटून.
अकराव्या पानाशी ती रडली.
केस पेईच्या गेलेल्या बायकोचा होता
हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

पुढं वारं फिरलं. पाट्या परत लागल्या,
चीगोंगचे वर्ग तर मैदानं भरभरून,
कुणी म्हणे हात न लावता गाठ विरघळवतो,
कुणी म्हणे दुसऱ्या गावातूनही.
तिला न्यायला आले, मंचावर चला म्हणाले.
ती म्हणाली, बुधवारी एकाचा खांदा बसवायचाय.

हाताला गुण आहे, लोक म्हणत.
गुण कसला, ती म्हणे, हात गरम असतो
आणि मला घाई नसते.
छातीत कोळसा बसलेल्यांची नाडी
ती फार वेळ धरून ठेवायची,
मग जिल्हा इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायची
आणि बसथांब्यापर्यंत सोबत जायची.
बाबांचीही तशीच धरली होती.
बस आली तेव्हा सोडली.

मी काही शिकलो नाही.
दहा मिनिटांत मांड्या लटलटल्या,
म्हणालो, ह्यानं पोट भरतं का?
नाही, ती म्हणाली. राळ्याची पेज चुलीवर आहे.

आता मी कोळशाचा ट्रक चालवतो, खाणीपासून बंदरापर्यंत.
गेल्या थंडीत घाटात बर्फानं रांग अडली.
इंजिन बंद, दिवे बंद,
स्टिअरिंगवर हात तसेच राहिले.
कधीतरी खांदे खाली उतरले, कोपरं जड झाली,
बुटांत कुठंतरी टाचा लागल्या.
हातांच्या मधे मिठीएवढी जागा.
तिच्यात कोणी नव्हतं, आणि मला राग आला नाही.

मागच्यानं हॉर्न दिला.
आईला सांगावं म्हणून फोन काढला,
पण पहाटेचे पाच वाजले होते.
ती अंगणात असणार. उचलणार नाही.