चालु

पहिल्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी नाचणीची पेज भरवत होते, चमचा चमचा,
मल्लेशम म्हातारा म्हणत होता, ‘चालु, चालु,’
आणि मी चालूच ठेवलं.
ठसका लागला. पेज नाकातून आली.
पडद्याआडून नागमणी विड्यांचं सूप टाकून धावली,
‘अहो मावशी, आमच्यात चालु म्हणजे पुरे!’

मी मोहोळकडची. तेलुगू मला तेव्हा
अशोक चौकातल्या पाट्यांवरच्या आडनावांपुरती.
अर्धांगात त्याच्या उजव्या हाताबरोबर मराठी गेली,
तेलुगू राहिली, तीही चार शब्द:
नीळ्ळु, अम्मा, नोप्पी, चालु.

आठ ते आठ माझी ड्युटी.
दर दोन तासांनी कूस.
लघवीची पिशवी किती भरली ते
विडी कारखान्याच्या जुन्या कार्डामागे लिहायचं.
कमरेवरची जखम आधी रुपयाएवढी होती,
आता बत्ताशाएवढी. डॉक्टर म्हणतात, कोरडी ठेवा.
वैशाखात, पत्र्याखाली, कोरडी.

चाळीस वर्षं मागावर चादरी काढल्या त्याने.
त्यातली एकही अंगाखाली चालत नाही, सूत टोचतं.
नागमणीची लग्नातली साडी घालतो आम्ही, चौपदरी,
धुऊन धुऊन विरलेली.
चादर पाहुणे आले की पायांवर टाकायची,
दिसायला बरं.

पाहुणे म्हणतात, सून नशिबाने मिळाली.
नागमणी मान डोलावते, कात्री थांबवत नाही.
नवरा भिवंडीला. माझा पगार तो पाठवतो,
डायपर तिच्या विड्यांतून.
दीडशे विड्यांना एक पडतो.
मला हिशेब येतो, म्हणून मी विचारत नाही.

परवा छाटात तिच्या शंभर विड्या गेल्या.
आली ती चप्पल न काढता पलंगाशी बसली,
त्याच्या टाचेखालची घडी सारखी केली
आणि म्हणाली, ‘चालु.’
त्याला, की मला, की पंख्याला.
कुठल्या भाषेत, तेही कळलं नाही.
त्याचा डावा हात चादरीची कड चाचपत होता,
तुटला धागा शोधल्यासारखा.

तेवढ्यात बोळात ओरडा झाला, नळ आला.
पाचव्या दिवशीचं पाणी.
दोघी घागरी घेऊन पळालो.
त्याची कूस बदलायची राहिली,
वीस मिनिटं.