डुलुथ, वर्गणीचा आठवडा

पहाटे पाच चाळीस. काचेवरचा बर्फ खरवडते
लायब्ररीच्या जुन्या कार्डानं,
आणि गाडीत लॉरेल हॅगबर्ग पैसे मागते आहे.
चौथा दिवस. घसा बसलाय तिचा.
बातम्या अर्ध्यावर सोडून ती म्हणते,
"ऐकणाऱ्या दहांतला एकच जण देतो."
मी उरलेल्या नऊंतली. अकरा वर्षं.

लाज वाटत नाही असं नाही.
पण लाजेला एक बटण असतं, डावीकडे, गोल,
ते मी फिरवते. मग सुपीरियर स्ट्रीटच्या उतारावर
नुसता वायपरचा आवाज.

गडहिंग्लजला आमच्याकडे रेडिओचं लायसन होतं,
पासबुकाएवढं. दरसाल पोस्टात जाऊन
अण्णा त्यात पंधरा रुपयांचं तिकीट लावून आणत,
शिक्क्याची शाई वाळेपर्यंत फुंकर घालत.
शेजारच्या तेलवेकरांनी लायसन कधी काढलंच नाही.
इन्स्पेक्टर गल्लीत शिरला की
त्यांचा रेडिओ गोधडीत, गोधडी पाळण्यात,
आणि काकू दोरी हलवत बसायच्या.
एकदा घाईत बंद करायचा राहिला.
पाळण्यातून बाजारभाव सुरू झाले.
गुळाचा भाव शेवटपर्यंत ऐकून इन्स्पेक्टर म्हणाला,
"बाळ हुशार आहे,"
आणि चहा पिऊन गेला.

सगळी गल्ली हसली. अण्णा नाही.
"आपल्या तिकिटावर त्यांचं बाळ बोलतंय," म्हणाले.
मी तेव्हा अण्णांच्या बाजूची होते.

इथे इन्स्पेक्टर नाही, शिक्का नाही.
सरकारी नळ होता, बारीक धारेचा, तोही आटला.
राहिले गाद्यांचे दुकानदार,
ज्यांचं नाव तासातून दोनदा हलक्या आवाजात घेतात
(जाहिरात नव्हे, आभार, म्हणे).
आणि राहिलो आपण.

डायलिसिसच्या युनिटमध्ये कर्टिस म्हणतो,
"हवेतून फुकट येतंय ते विकत कोण घेतं?
शिवाय त्यांची मतं मला पटत नाहीत."
सात नंबरच्या मशीनवर बर्निस. वय ब्याऐंशी,
दंडात दोन सुया, पायांवर दोन ब्लँकेटं.
"मी महिन्याला चार डॉलर देते," ती म्हणते.
"मतं मलाही पटत नाहीत.
पण रात्री तीनला कुणीतरी जागं असतं."
तिचं रक्त नळीतून बाहेर येतं, धुतलं जातं, परत जातं.
त्याचं बिल कुणाकुणाच्या पगारातून कापून येतं
ते कर्टिस विचारत नाही. मीही नाही.

शुक्रवारी पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून, फोन लावला.
वाटलं होतं लॉरेल उचलेल.
उचलला एका पोरानं, तोंडात डोनट.
"किती लिहू?"
"पंधरा."
"महिन्याला?"
"वर्षाला," मी म्हटलं. अण्णांचा आकडा,
रुपयांचा डॉलर करून.
तो जरा थांबला. "मग साठच्या पुढे मिळतो."
"मग आहेत माझ्याकडे."
आडनाव विचारलं. एक एक अक्षर सांगितलं,
दोनदा, तिसऱ्यांदा हळू.

सोमवारी पाच चाळीसला तिनं यादी वाचली.
हवामान, बंदरातलं धुकं, आणि मधेच
"ऐना... ऐनाप्युअर, डुलुथहून."
माझं मोडकं नाव निघालं डोंगरावरच्या मनोऱ्यातून,
तळ्यावर, लोखंडाच्या जहाजांवर,
दिलेल्यांच्या घरात आणि न दिलेल्यांच्या.
मी बटणाला हात लावला नाही. तेवढ्यापुरता.
पुढच्याच मिनिटाला ती पुन्हा मागायला लागली
आणि मी आवाज कमी केला.

सातला कर्टिस आला, बूट झटकत.
"तुझ्यासारख्याच नावाचं कुणीतरी आहे गावात,"
म्हणाला, "आत्ताच ट्रकमध्ये ऐकलं."
"असेल," मी म्हटलं,
आणि बर्निसच्या नळ्या जोडायला घेतल्या.