रकाना क्रमांक सतरा

जतच्या पुढं रस्ता हळूहळू कानडी बोलू लागतो.
मैलाच्या दगडांवरची अक्षरं तीच राहतात,
चहा देणाऱ्याचा हुंकार तेवढा बदलतो.
हळ्ळीवाडीत उतरले तेव्हा सव्वाअकरा.
ग्रामपंचायतीला कुलूप.
कुलपाला मात्र ताजं तेल.

पिशवीत बावन्न पानांची प्रश्नावली :
सत्ता खालपर्यंत पोचली का?
खालपर्यंत म्हणजे नेमकं कुठवर,
हे पुण्याच्या प्रशिक्षणात कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.
जेवण चांगलं होतं.

किल्ली मोटरसायकलवरून आली.
ग्रामसेवक पाटोळे, एका माणसाकडं तीन गावं,
इथं सोमवारी, म्हणजे बहुतेक सोमवारी.
त्यांनी ग्रामसभेचं इतिवृत्त पुढ्यात ठेवलं.
एकशे सात सह्या, एकाच निळ्या शाईच्या,
एकाच बाजूला कललेल्या,
जणू सगळं गाव एका बाकावर बसून
एकाच मास्तरांकडं गिरवायला शिकलं.
ठराव चार : सर्वानुमते मंजूर.
ठराव पाच : सर्वानुमते.
‘कुणीच काही विचारलं नाही?’
‘विचारलं की. सुगलाबाई दर वेळी विचारते.’
‘मग ते कुठं आहे?’
पाटोळ्यांनी पान उलटलं.
‘मॅडम, सर्वानुमतेत सगळं येतं.’

कपाटात खालच्या कप्प्यात एक अहवाल सापडला,
कडा वाळवीनं खाल्लेला, अकरा वर्षांपूर्वीचा.
शेवटच्या पानावर माझी सही.
माझी शिफारसही :
पाणीपुरवठ्यावर लोकांची देखरेख समिती नेमावी.
नेमली होती! तसा ठराव होता.
नऊ सदस्य. नववे :
मलकाप्पा ऐवळे, पाणी सोडणारा.

मलकाप्पा पंपघरापाशी व्हॉल्व्ह फिरवत होता.
‘मी हाय व्हय त्यात?’
आणि इतका हसला
की पाना हातातून निसटून चिखलात पडला.

मग त्यानं दार ढकललं.
आतली भिंत जमिनीपासून खांद्यापर्यंत काळी,
कोळशाच्या रेघांनी.
उभी रेघ म्हणजे ‘बंतु’, पाणी आलं.
आडवी म्हणजे ‘इल्ला’.
वर पाटील गल्ली, सरळ उभी, ज्वारीच्या ताटांसारखी.
मधे देवळाची आळी, थोडी वाकडीतिकडी.
आणि तळाशी, गुडघे टेकून बघावं लागतं तिथं,
माळावरची वस्ती :
आडवी, आडवी, आडवी,
एक उभी, पुन्हा आडवी.
‘सुगलाबाईनं इच्यारलं सभेत,
शेवटच्या नळाला किती दिस पाणी न्हाई?
कुणाला ठावं नव्हतं. मलाबी न्हाई.
लाज वाटली. तवापासनं मांडतोय.’

मी टॅबलेट उघडला.
रकाना क्रमांक सतरा, माहितीचा स्रोत :
नोंदवही, अहवाल, मुलाखत, संकेतस्थळ.
भिंत नव्हती.
‘इतर’वर बोट ठेवलं तर त्यानं
दस्तऐवजाचा क्रमांक मागितला.

‘फोटो काढा लवकर,’ मागून पाटोळे म्हणाले,
‘गुरुवारी तपासणीचं पथक येतंय.
पंपघराला आतून-बाहेरून रंग द्यायचा ठराव झालाय.’
पुढचा शब्द त्यांनी गिळला.
मला तो ऐकू आला.

फोटोत रेघा येईनात. अंधार, आणि कोळशावर कोळसा.
म्हणून प्रश्नावली उलटी केली,
पाठकोऱ्या पानांवर हातानं उतरवायला बसले.
मलकाप्पा बोटानं दाखवत वाचत होता,
बंतु. बंतु. इल्ला. इल्ला. इल्ला.
तीनची एसटी गेली. पाचची गेली.
पाटोळे दुसऱ्या गावाला गेले,
किल्ली खिळ्याला अडकवून.

दिवेलागणीला एक बाई दारात उभी राहिली,
डोक्यावर घागर, रिकामी.
नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
वाकली, माझं पान उजेडाकडं धरलं,
भिंतीकडं पाहिलं, पुन्हा पानाकडं,
ओठांनी मोजत, घाई न करता.
मग ओल्या बोटानं एका जागी टेकवलं.
‘हितं,’ म्हणाली,
‘एक इल्ला राहिलाय.’