तिसऱ्या सहामाहीचा अहवाल

माननीय विश्वस्त,
आपल्या नमुन्यातला रकाना चार,
'निष्पत्ती, तीनशे शब्दांत',
अजून रिकामा आहे.
म्हणून सुरुवात रकाना सातपासून करते: खर्च.

जनरेटरचं डिझेल, दोनदा.
शीतपेटीचा कॉम्प्रेसर. खारी हवा
तांब्याची नळीसुद्धा खाते,
हे अर्ज भरताना मला माहीत नव्हतं.
रबरी हातमोजे, चाळीस जोड. सहा वापरात.
बाकीचे म्हणतात, दोर निसटतो.
आणि रघुवीर तांडेलांना रोज पहाटेचा चहा.
याची पावती मिळत नाही,
पण त्यांच्याशिवाय निवतीच्या किनाऱ्यावर
रापणीजवळ मला कुणी उभं केलं नसतं.

साडेपाचला जाळ्याचा घोळ वाळूवर येतो.
बांगडे, पेडवे, एखादी लेप,
आणि त्यांच्यात गुंतलेला,
वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा, तो.
माणसं त्याला धरून परत पाण्यात भिरकावतात
जवळजवळ न बघताच,
जसा आपण ताटातला खडा बाजूला टाकतो.
एखाद्या दिवशी बोट चुकतं.
चावा दुखत नाही. सगळी अडचण तीच.
दुखला असता तर ते माझ्याकडे आले असते.
ते घरी जातात, पेज पितात, आडवे होतात.
दुपारी मान वळत नाही.
पापणी हाताने उचलावी लागते.

माझ्या वर्गातल्यांच्या पाट्या लागल्या,
कुडाळला, कोल्हापूरला, एकाची तर दुबईत.
मिरकरवाड्याहून अम्मी फोनवर विचारते,
अजून शिकतेसच?
मी सांगते, एकजण मला पगार देतो,
आणि मला काय सापडणार
हे त्यालाही माहीत नाही, मलाही नाही.
मग देतो कशाला, म्हणते ती.

हाच प्रश्न मीही मनात धरून होते.
मग वेंगुर्ल्याच्या जुन्या नोंदवह्यांत,
वाळवीने सोडलेल्या एका पानावर,
ऑक्टोबर त्र्याऐंशी:
पुरुष, १९, खलाशी. अंग ताठ. लघवी काळी.
निदानाच्या जागी नुसती रेघ.
आडनाव केळुसकर.
आपल्या निधीच्या कागदावर छापलंय, तेच.
मला वाटलं, सापडलं.

आपण स्वतः आलात, बर्फाच्या कारखान्याच्या टेम्पोतून.
पान आधी चष्म्याशिवाय पाहिलंत, मग चष्म्याने.
'तो आमचो न्हय,' म्हणालात.
'आमचो बोटीर खंय होतो? शाळेत होतो.'
खूप वेळाने, वही मिटता मिटता,
'पण असांदे. ह्येचाय कोणीतरी असतलाच.'
त्या दिवशी वीज नव्हती.
जाताना आपण बर्फाच्या आठ लाद्या उतरवून गेलात.
त्यांचं बिल आलेलं नाही.

आता निकाल.
आपल्या फ्रिजमधली सापाची लस
या विषाला धरत नाही.
अकरा वेळा तपासलं, अकरा वेळा नाही.
'नाही' छापायला कोण तयार होईल, बघू.
दरम्यान मी एक कार्ड केलंय,
पाण्यात भिजलं तरी चालेल असं:
लघवीचे चार रंग,
शहाळ्याच्या पाण्यापासून कोऱ्या चहापर्यंत.
खाली फोन नंबर. बोटींवर टांगलीत, बावन्न.

गेल्या मंगळवारी रात्री दहाला
कोचऱ्याहून एक पोरगा स्कूटरवर आला,
हातात थंड पेयाची बाटली,
काकाची लघवी, आणि शेजारी धरलेलं कार्ड.
'तिसरो रंग,' म्हणाला, धापा टाकत,
'चौथो होवच्या आधी इलंय.'

काका ओरोसला डायलिसिसवर आहे.
काल पापणी स्वतःहून उघडली.
बाकी अजून सांगता येत नाही.
हे रकाना चारमध्ये बसत असेल तर तिथे घालावं,
नसेल तर तो रिकामाच राहू द्यावा,
पुढच्या सहामाहीत पुन्हा बघू.

आपली,
(डॉ.) नाझनीन सोलकर

ता. क. चहाची पावती सोबत जोडलेली नाही.