मार्चपर्यंत

सोहारमध्ये नोव्हेंबर लागला
की एसीचं पाणी थेंबाथेंबावर येतं,
मग एक दिवस नळीखालची बादली कोरडीच राहते.
हीच आमच्याकडं थंडीची दवंडी.

मी खडू घेऊन गच्चीवर जाते.
टाकीची सावली आठला कुठं पडते,
अकराला कुठं, तीनला कुठं,
रेघ मारते, रेघेवर वेळ लिहिते.
खालची झुवैना वाळलेले कपडे काढायला आली
तर अबाया उचलून, रेघा चुकवत चालली,
जणू कुणाची रांगोळी.
मी सांगितलं, अगं, तुडव खुशाल.
तरी चुकवतच गेली.

हेरंब रिफायनरीतून रात्रपाळी करून येतो,
हेल्मेट काखेत, तसाच वर.
"कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे," म्हणतो,
"पुढचं अजून कळलं नाही."
मी म्हणते, बरं.
आणि एसी दुरुस्तीच्या बिलामागं
मार्चपासून उलटी मोजत येते.

मेथी, पंचवीस दिवस. होईल.
मुळा, चाळीस. पाला त्याआधीच.
लाल माठ, न विचारता होईल.
वांग्यापुढं प्रश्नचिन्ह.
कोबी बसतोय दिवसांत, पण गड्डा धरायचा की नाही
ते कोबीनं ठरवावं.
शेवगा लिहिला आणि खोडला.
झाड लावायचं तर माणसाचा व्हिसा
निदान झाडाच्या कमरेपर्यंत तरी यायला हवा.

शुक्रवारी सहमच्या रस्त्यावर एका शेतात गेलो,
खजुराच्या पोत्यात लेंडीखत भरून घेतलं.
शेतावरचा मोफज्जल म्हणाला,
ताजं आहे, ताई, भाजेल मुळांना,
ओलं करा, झाकून ठेवा पंधरा-वीस दिवस.
मग विचारलं, तुमच्या गावी शेत आहे?
म्हटलं, नाही, आम्ही चाळीसगावचे, बँकेतले.
"माझं आहे," म्हणाला,
आणि मोबाइलवर भाताचा एक हिरवा चौकोन दाखवला,
अंगठ्यानं मोठा करून, पार बांधापर्यंत.
परतताना हेरंबनं चारही काचा खाली ठेवल्या.
एक शब्द बोलला नाही.

वाळू इथली खारट.
तीनदा धुतली, जिभेवर ठेवून पाहिली,
चौथ्यांदा धुतली.
धणे पेल्याच्या बुडाखाली रगडले, दोन-दोन फाका.
रंगाचे डबे झाले, लबनेचे झाले,
मासळीबाजारातली थर्मोकोलची खोकी झाली,
ती कितीही घासली तरी
रात्री दोन मांजरं येऊन आशेनं बसतात.

टाकीमागं आधीच्या भाडेकरूची एक बादली होती,
मातीचा दगड झालेला.
उलथन्यानं फोडली
तर आत आइस्क्रीमची काडी, काडीवर मल्याळम.
कोपऱ्यावरच्या दुकानात शिहाबला दाखवली.
त्यानं चष्मा कपाळावर घेतला, काडी दिव्याखाली धरली.
"पावक्का," म्हणाला.
मग पिशवीतलं कारलं उचलून दाखवलं.
आणि थोड्या वेळानं, सुटे पैसे मोजताना,
"साजीचं अक्षर. उधारी चुकती करून गेला.
चांगला माणूस."

कारलं आमच्या घरात कुणी खात नाही.
शिवाय ते फेब्रुवारीत पेरायचं,
वेलाला फळ धरेपर्यंत एप्रिल.
हिशेबात कुठूनच बसत नाही.
बिलावर जागाही उरली नव्हती,
म्हणून कडेला, उभ्या समासात, लिहिलं.
हेरंबनं वाचलं.
"तार लागेल मांडवाला," म्हणाला, आणि झोपायला गेला.

आज खत झाकून अकरा दिवस झाले.
खडूच्या रेघा पुसट झाल्यात,
सावली तीनच्या रेघेपुढं वीतभर सरकलीय,
पुन्हा मारायला हव्यात.
पोतं बाजूला करून
मनगटापर्यंत हात आत घालते.
अजून गरम आहे.