साक्षीदाराचा रकाना

आधी मासा धुवायचा, म्हणाले ओबाता-सान.
मिठाने, मग व्हिनेगरने, चिकटा जाईपर्यंत.
बुळबुळीत माशाचा ठसा उठत नाही,
उठतो तो बुळबुळीचा.

साकाता बंदरावर त्यांचं गळ-आमिषाचं दुकान.
मागच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह,
डब्यात वळवळणारे किडे,
आणि मी, एकाहत्तर वर्षांची, बाह्या सारून
अख्खा हिवाळा नुसती धूत राहिले.
धुणं मला नवं नाही.
यासुहेई घरी आणायचा ते मीच धुवायचे,
पण ते खायला. हे बघायला.
हात तेच, घाई निराळी.

मग कापूस. तोंडात, कल्ल्यांत,
आणि मागूनही, हसू नका,
नाहीतर ऐन वेळी पाणी सुटतं.
पर उघडायचे, खाली मातीचे गोळे, वर टाचण्या.
शाई डोक्याकडून शेपटीकडे,
मग उलटी, खवल्यांच्या अंगावर जात.
तुतीच्या सालीचा कागद एकदाच ठेवायचा.
सरकला की एका माशाचे दोन होतात,
आणि दोन्ही खोटे.

माझा पहिला मासा केरसुणीसारखा आला.
दुसरा, ओलसर बुटाचा तळवा.
पाचव्याला पाठीची काट्यांची फणी दिसली
तेव्हा ओबाता-साननी स्टोव्हवरची किटली उतरवली
आणि न विचारता मला चहा दिला.

कागद पोटावरून वळतो, ते म्हणाले,
म्हणून ठशातला मासा खऱ्यापेक्षा जरा रुंद.
एवढं गळवाल्याला माफ.
डोळा मात्र उमटत नाही.
तिथे पांढरं राहतं. तो हाताने, सगळ्यात शेवटी.
आणि कडेला लिहायचं: तारीख, जागा, लांबी, वजन,
कोणी धरला.
हा शेवटचा रकाना साक्षीदाराचा.
पाहिलं असेल तेवढंच लिहायचं.

त्या रात्री गाद्यांच्या कपाटातून
मी एक गुंडाळी काढली.
कुरोदाई. एक्कावन्न सेंटिमीटर. उत्तरेचा धक्का, पहाटे.
साकेच्या भट्टीतून त्याला घरी बसवलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातला.
पोराच्या शाळेतली शाई,
ओट्यावर पसरलेलं वर्तमानपत्र,
आणि खुंटीवरच्या जाकिटाच्या खिशात
मासळी बाजाराची पावती: दोन हजार आठशे येन.
ती मी आधीच वाचली होती.
ओला कुंचला घेऊन तो माझ्यामागे उभा राहिला,
इथे तुझं नाव, म्हणाला.
मी नळ सोडला, मोठा.
त्याने पुन्हा विचारलं नाही.
डोळाही काढला नाही. भिंतीवर लावला नाही.
एकोणीस वर्षं तो मासा
आमच्या गाद्यांखाली झोपला.

ओबाता-साननी चष्मा कपाळावर सरकवला,
कागदाला नाक लावून बराच वेळ पाहिलं.
जाळ्यातला आहे, म्हणाले.
हे बघा, कुशीचे खवले घासलेत.
मी म्हटलं, हो.
स्टोव्ह थोडा फुरफुरला.
मग म्हणाले, पण ठसा चांगला घेतलाय.
पहिल्याच खेपेला
कागद सरकू दिला नाही या माणसाने.

घरी येऊन मी शाई उगाळली.
डोळा काढला. जरा मोठा झाला,
एखाद्याला उगाच टोकल्यावर होतो तसा.
लांबी तशीच ठेवली. धक्काही.
ते त्याचं लिहिणं, त्याच्याकडे राहू दे.
आणि साक्षीदाराच्या रकान्यात, बारीक अक्षरांत,
कारण जागा एकाच नावाची होती:

तोगाशी मित्सुए.
शाई मी धुतली.
मीठ लावून भाजला.
डोकं त्याने मला दिलं.